रिपोर्टवरची तारीख

एएनसीचा, म्हणजे गरोदरपणातल्या तपासणीचा, वार असला की सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीबाहेर बाकं भरलेली असतात. प्रत्येकीच्या हातात एक कार्ड, कडा दुमडलेलं, बहुधा प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं. त्यावर हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, लघवी आणि त्याखाली एचआयव्ही, सिफिलिससाठीची व्हीडीआरएल, हिपॅटायटिस बी. शेवटच्या तिन्ही ओळींपुढे बहुतेकींच्या कार्डावर ‘एनआर’ लिहिलेलं असतं, म्हणजे नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. आपलं रक्त नेमकं कशासाठी तपासलं हे तिला दरवेळी कळलेलं असतंच असं नाही. बाळासाठी तपासलं, एवढं तिला पुरतं. नवरा बाहेर गाडीपाशी उभा असतो. त्याच्या नावाचं कार्ड नाही. त्याला रक्त द्यायला बोलावणं येतं ते बहुधा बायकोचा निकाल पॉझिटिव्ह आला तरच.

या देशातल्या असंख्य बायकांची लैंगिक आजारांसाठीची आयुष्यातली पहिली तपासणी अशी होते, बाळंतपणाच्या निमित्तानं. पुरुषाच्या आयुष्यात असं कुठलं निमित्त येतच नाही. तो रक्तदान करतो तेव्हा त्याच्या रक्ताच्या या चाचण्या होतात, किंवा मोठ्या शस्त्रक्रियेआधी होतात. त्यापलीकडे तो पन्नास वर्षं न तपासता जगू शकतो आणि त्याबद्दल कुणी त्याला विचारतही नाही.

जोडीदार बदलताना तपासणी करावी, असं म्हटलं की मराठी मध्यमवर्गीय कान टवकारतात ते ‘बदलताना’ या शब्दाला. जणू हा प्रश्न मुंबईतल्या डेटिंग अ‍ॅपवाल्या पोरांचा. प्रत्यक्षात घटस्फोटानंतरचं लग्न, विधुराचा पुनर्विवाह, दोन वर्षांच्या प्रेमानंतर मोडलेलं नातं आणि सहा महिन्यांनी घरच्यांनी ठरवलेलं लग्न, नवरा परगावी नोकरीला असताना घडलेलं आणि न सांगितलेलं काही, हे सगळं जोडीदार बदलणंच आहे. फार तर त्याला वेगवेगळी सोज्वळ नावं आहेत. जंतूला ती नावं वाचता येत नाहीत.

आणि ज्यांनी जोडीदार कधीच बदलला नाही त्यांचं काय झालं, याचा पुरावा पुण्यातच आहे. 1993 ते 1996 या काळात पुण्यातल्या लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत आलेल्या 916 बायकांचा अभ्यास डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो 1997 साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यातल्या 525 बायका देहविक्रय करणाऱ्या होत्या आणि त्यांच्यात एचआयव्हीचं प्रमाण 49.9 टक्के निघालं. आकडा भयंकर होता, पण अनपेक्षित नव्हता. धक्का दुसऱ्या आकड्याचा होता. उरलेल्या 391 बायका देहविक्रय न करणाऱ्या होत्या, त्यातल्या बहुसंख्य विवाहित आणि एका नवऱ्याशी बांधलेल्या. त्यांच्यात 13.6 टक्के. त्यातल्या बहुतेकींचा धोका एकाच गोष्टीत होता: त्यांचा नवरा.

‘एकनिष्ठ राहा’ हा सल्ला त्या काळात भिंतीभिंतींवर रंगवलेला होता. या बायकांनी तो अक्षरशः पाळला होता. निष्ठा हा दोन माणसांमधला गुण आहे आणि रक्ताची चाचणी एका माणसाची होते, ही गोम त्या भिंतींवर कुणी लिहिली नव्हती.

त्याआधी गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या 650 बायकांची तपासणी केली होती. 1989 च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’नं ते निष्कर्ष छापले. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाशी किंवा लैंगिक अवयवांशी संबंधित एक तरी विकार होता, सरासरी प्रत्येकीला 3.6. हे सगळे विकार जोडीदाराकडून आले असं नाही, पण जननमार्गाच्या संसर्गांचा वाटा त्यात मोठा होता. याआधी कधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या अवघ्या 8 टक्के. आणि विकार असणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी काही तक्रारच सांगत नव्हत्या. ‘अंगावरून पांढरं जाणं’ हे बाईच्या जातीला लागलेलंच, असं धरून चालणाऱ्या समाजात तक्रार म्हणजे काय, हेच आधी ठरवावं लागतं.

इथंच या विषयाचा कणा आहे. लैंगिक आजार म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे गरमी आणि परमा येतात: जखम, पू, जळजळ, ओरडून सांगणारी लक्षणं. पण क्लॅमिडिया झालेल्या बायकांपैकी बहुसंख्य जणींना आणि पुरुषांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना काहीच जाणवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं 2020 साली जगात 15 ते 49 वयोगटात क्लॅमिडिया, परमा, सिफिलिस आणि ट्रायकोमोनास या चारच आजारांचे 37 कोटी 40 लाख नवे संसर्ग झाले. चारही बरे होणारे. न कळता राहिलेला क्लॅमिडिया गर्भनलिकांपर्यंत चढतो, आणि मग पाच वर्षांनी मूल होत नाही म्हणून नवस, उपास आणि आयव्हीएफचा खर्च सुरू होतो. सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये औषधांचे रंगीत संच असतात: करडा, हिरवा, पांढरा, निळा, लाल, पिवळा, काळा. लक्षण बघायचं आणि रंग निवडायचा. गावपातळीवर, जिथं प्रयोगशाळा नाही तिथं ही फार शहाणपणाची व्यवस्था आहे. फक्त ज्याला लक्षणच नाही त्याच्यासाठी त्या कपाटात रंग नाही.

लक्षण नाही, मग तपासायचं कशाला? या प्रश्नामागे खरं तर दुसराच प्रश्न दबा धरून बसलेला असतो: तपासायचं म्हणजे तुझा माझ्यावर संशय आहे का?

हा संशय जुना आहे आणि त्याला नेहमी कुणीतरी परका लागतो. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात सिफिलिसला ‘फिरंग रोग’ म्हटलं आहे, फिरंग्यांच्या संगतीनं आलेला म्हणून. त्याच शतकात गोव्यात बसून गार्सिया द ऑर्तानं 1563 मध्ये औषधी वनस्पतींवर ग्रंथ छापला. हा पोर्तुगीज वैद्य अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचाही चिकित्सक होता. त्याच्या ग्रंथात या रोगावर चालणाऱ्या चोपचिनीची चर्चा आहे. तिकडे युरोपात इटालियन लोक या आजाराला फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच त्याला नेपल्सचा. आजार बाहेरच्याचा, आपल्या घरातला कुणी तो आणत नाही, ही समजूत इतकी जुनी आणि इतकी सर्वदूर आहे की तिला एका संस्कृतीचं म्हणणं अवघड.

इंग्रजांनी परका शोधला तो बाईत. 1868 सालच्या सांसर्गिक रोग कायद्यानं देहविक्रय करणाऱ्या बायकांची नोंदणी आणि तपासणी सक्तीची केली. आजारी निघालेलीला ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये डांबता येई. कायद्याचा हेतू होता गोऱ्या सैनिकांचं आरोग्य. सैनिकांची तपासणी मात्र त्या कायद्यात नव्हती. वीस वर्षांनी, 1888 मध्ये, तो रद्द झाला. अर्ध्याच जोडीला तपासून साथ आवरेल या कल्पनेचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणार नाही. आणि एएनसीच्या बाकाकडे पाहिलं तर ती कल्पना पुरती मेली आहे असंही म्हणवत नाही.

या सगळ्यात एक माणूस मराठीत सरळ बोलत होता. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि जुलै 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक 1953 मध्ये मरेपर्यंत चालवलं. गुप्तरोग हा पापाचा दंड नसून टाळता येणारा आजार आहे, हे त्यांचं म्हणणं. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा 1934 मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्वे खटला हरले. त्या मासिकातली उत्तरं आज एखाद्या आरोग्य खात्याच्या पत्रकात शोभावीत इतकी कोरडी वाटतात. ‘गुप्तरोग’ हा शब्द मात्र एसटी स्टँडच्या भिंतींवर, हमखास इलाजाच्या जाहिरातींत, अजून तसाच आहे.

आता उलट बाजूचा मोह. संशय नको, तर मग सगळ्यांनाच सक्ती करा. गोवा सरकारनं 2006 साली लग्नाआधी एचआयव्ही चाचणी सक्तीची करण्याचं जाहीर केलं होतं. ते प्रत्यक्षात उतरलं नाही. अशी सक्ती खरोखर केल्यावर काय होतं हे अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यानं पाहिलं आहे. तिथं 1988 पासून लग्नाच्या परवान्यासाठी ही चाचणी बंधनकारक झाली. पहिल्या सहा महिन्यांत 70,846 अर्जदारांत पॉझिटिव्ह निघाले 8. एकेका निकालामागे खर्च आला सुमारे 3 लाख 12 हजार डॉलर. बरीच जोडपी शेजारच्या राज्यात जाऊन बोहल्यावर चढली. 1989 मध्ये कायदा मागे घेतला गेला. आपल्याकडे बोगस दाखल्यांची परंपरा लक्षात घेता शेजारच्या राज्यात जायचीही गरज पडणार नाही.

सक्तीचा खरा दोष पैशाचा नाही. ती चाचणीला चारित्र्याचा दाखला बनवते, आणि दाखला एकदाच काढायचा असतो. तो काढला, फाइलला लावला, विषय संपला. लग्न जमवताना एकनाडी पाहतात, मंगळ पाहतात, हल्ली ‘दोघांचा रक्तगट एकच आहे, चालेल का?’ असंही डॉक्टरांना विचारतात (चालतं). त्याच यादीत एचआयव्हीचा रिपोर्ट जाऊन बसतो. छत्तीस गुण जुळले, रिपोर्ट निगेटिव्ह, हॉल बुक करा.

पण त्या कागदावर सर्वांत महत्त्वाचा मजकूर कोणता असेल तर तारीख. एचआयव्ही शरीरात शिरल्यापासून चाचणीत दिसेपर्यंत मधे काळ जातो. शिरेतून रक्त घेऊन केलेली, अँटिजेन आणि अँटिबॉडी दोन्ही पाहणारी प्रयोगशाळेतली चाचणी त्याला 18 ते 45 दिवस घेते. फक्त अँटिबॉडी पाहणाऱ्या बहुतेक चाचण्यांना 23 ते 90 दिवस लागू शकतात. सिफिलिसची पहिली जखमच 10 ते 90 दिवसांत केव्हाही उठते. समजा, एका तरुणाचा आधीच्या जोडीदाराशी शेवटचा संबंध 25 जानेवारीला आला. नातं संपलं. 10 फेब्रुवारीला त्यानं प्रामाणिकपणे रक्त दिलं, निकाल निगेटिव्ह, 14 तारखेला नव्या मैत्रिणीला तो मोबाइलवर दाखवला. हा रिपोर्ट खात्रीनं कशाबद्दल बोलतो? चांगल्या चाचणीचा असेल तर 27 डिसेंबरच्या आधीच्या दिवसांबद्दल. अँटिबॉडीचा असेल तर 12 नोव्हेंबरच्या आधीच्या. जानेवारीबद्दल तो कागद मुका आहे. नेमकं सांगणारा निकाल हवा तर चांगल्या चाचणीसाठीही रक्त द्यायला हवं 11 मार्चच्या पुढे, आणि तोवर कंडोम.

आणखी एक गोष्ट आहे, ती जास्त त्रासदायक. संसर्गानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तात विषाणू सर्वाधिक असतो. म्हणजे चाचणी आंधळी असते त्याच दिवसांत माणूस सर्वांत संसर्गक्षम असतो. आणि नवं नातं नेमकं त्याच दिवसांत, जुनं संपल्यासंपल्या, सुरू होतं. ‘मी एका वेळी एकाच माणसाबरोबर असतो’ हे वाक्य नीतीच्या दृष्टीनं स्वच्छ आहे. कॅलेंडरच्या दृष्टीनं त्यात दोन नात्यांमधलं अंतर सांगितलेलं नाही.

खासगी लॅबच्या ‘एसटीडी पॅनेल’नं हा घोळ वाढवला आहे. जितक्या जास्त चाचण्या तितकी जास्त खात्री, असा त्याचा हिशोब. क्लॅमिडियासाठी लघवीची किंवा स्वॅबची पीसीआर हवी. रक्तातल्या अँटिबॉडीवरून आत्ताचा संसर्ग ठरवता येत नाही, तरी ती पॅकेजमध्ये सापडते. नागिणीच्या भावकीतल्या हर्पिसची रक्तचाचणी लक्षणं नसलेल्या माणसाची केली तर ती फसवी पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण बरंच असतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्हीसाठी पुरुषांची नेहमीची अशी चाचणीच नाही. तेव्हा ‘सगळं क्लीन आहे’ असा रिपोर्ट जगातली कुठलीही लॅब देऊ शकत नाही. कंडोम एचआयव्ही, परमा, क्लॅमिडियाला उत्तम अडवतो. हर्पिस, एचपीव्ही, सिफिलिस त्वचेच्या स्पर्शानं पसरतात म्हणून तिथं त्याचं संरक्षण कमी पडतं. एचपीव्हीसाठी लस आहे, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ जानेवारी 2023 मध्ये आली. हिपॅटायटिस बीची लस तर कितीतरी जुनी. नव्या नात्याच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या किती प्रौढांनी ती घेतली आहे, हा प्रश्न चाचणीइतकाच कामाचा आहे.

पॉझिटिव्ह निकालाचंही असंच. त्यात ‘कुणाकडून’ आणि ‘केव्हा’ हे रकाने नसतात. एचपीव्ही वर्षानुवर्षं निपचित राहू शकतो, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास कित्येक महिने. लग्नाला चार वर्षं झालेल्या बाईच्या तपासणीत एचपीव्ही निघाला म्हणून तिनं किंवा नवऱ्यानं कालपरवा काही केलं, असं त्यातून निघत नाही. तरीही घराघरांत हा कागद पुरावा म्हणून फडकवला जातो, आणि आरोपी कोण ठरणार ते आधीच ठरलेलं असतं, कारण तपासणी तिचीच झालेली असते.

या वादात वयस्कांचा विचार कुणी करत नाही. पुण्या-नागपुरात ज्येष्ठांसाठी सहजीवनाचे, पुनर्विवाहाचे मेळावे भरतात. पेन्शन, मुलांची संमती, फ्लॅट कुणाच्या नावावर, मधुमेहाच्या गोळ्या, सगळ्याची मोकळी चर्चा होते. पासष्टीच्या माणसाला ‘रक्त तपासलंत का?’ म्हणून विचारणं तेवढं अब्रह्मण्यम. पाळी गेलेल्या बाईला गर्भाची भीती नाही म्हणून कंडोमचा विषयच निघत नाही. पाळी गेल्यानंतर योनीचं अस्तर पातळ झालेलं असतं आणि त्यामुळे संसर्गाची शक्यता उलट वाढते, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

कायद्यानंही या चाचणीला दाखला समजण्याची चूक एकदा केली. 1998 साली सर्वोच्च न्यायालयानं एका प्रकरणात एचआयव्हीबाधिताचा लग्नाचा हक्क जणू स्थगित झाल्याचं म्हटलं. 2002 मध्ये न्यायालयानंच ती टिप्पणी अनावश्यक ठरवली. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्यानुसार माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी करता येत नाही. जोडीदाराला सांगण्याची वाट कायद्यानं आखून दिली आहे, पण सांगितल्यामुळे बाईवर हिंसाचार होण्याची भीती असेल तर तिच्यावर ते बंधन नाही. हा अपवाद कुणी लिहिला असेल त्याला एएनसीचं बाक माहीत असणार.

विज्ञान तर केव्हाच पुढे गेलं. 2011 साली जाहीर झालेल्या, नऊ देशांतल्या 1,763 जोडप्यांवरच्या अभ्यासात पुण्याचाही सहभाग होता. बाधित जोडीदाराला लवकर औषधं सुरू केली तर दुसऱ्याला होणारा संसर्ग 96 टक्क्यांनी घटतो, हे त्यातून दिसलं. नंतरच्या अभ्यासांनी आणखी स्पष्ट केलं: नियमित औषधांवर असलेल्या आणि विषाणू मोजणीत न येणाऱ्या माणसाकडून संबंधातून संसर्ग होत नाही. म्हणजे औषधांवर असलेला, आपली स्थिती ठाऊक असलेला एचआयव्हीबाधित हा कधीच न तपासलेल्या ‘चांगल्या घरातल्या’ स्थळापेक्षा सुरक्षित जोडीदार ठरू शकतो. वधूवर सूचक मंडळांना हे पचायला वेळ लागेल.

मग करायचं काय, तर फार थोर असं काही नाही. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, एचआयव्हीची चाचणी फुकट होते. समुपदेशक आधी बोलतो, मग बोटाला टोचून किंवा शिरेतून थोडं रक्त, त्याचा थेंब एका छोट्या पट्टीवर. वीस मिनिटांच्या आत ‘सी’पुढे एक रेघ उमटते, ती पट्टी चालते आहे हे सांगणारी, ‘टी’पुढे रेघ आली तर आणखी दोन वेगळ्या चाचण्या करूनच निकाल देतात. माहितीसाठी 1097 हा एड्स हेल्पलाइनचा क्रमांक मोफत आहे. दोघांनी एकत्र जावं, दोघांनी आपापल्या शेवटच्या संबंधाची तारीख मनाशी धरून दिवस मोजावेत, आणि एकाला क्लॅमिडिया किंवा परम्यासारखं काही निघालं तर औषध दोघांनी एकाच वेळी घ्यावं; नाहीतर पिंगपाँगच्या चेंडूसारखा जंतू या बाजूचा त्या बाजूला जात राहतो. एकटी बायको गोळ्या घेते, आठवड्यानं नवऱ्याकडून पुन्हा तोच संसर्ग घेऊन येते, आणि ‘सरकारी औषधाला गुण नाही’ असा शिक्का बसतो, ही तक्रार समुपदेशकांना पाठ असते.

अडचण असते ती फुटकळ गोष्टींत. केंद्राची वेळ कचेरीची, म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाला तपासणीसाठी खाडा करावा लागतो. दाराबाहेरची पाटी इतकी मोठी की त्या दाराशी उभं राहणं म्हणजेच जाहिरात. जिल्ह्याच्या गावी चहावाल्यापासून वॉर्डबॉयपर्यंत सगळे ओळखीचे. म्हणून पुरुष केमिस्टकडे जातो, काउंटरवर थोडं झुकून ‘जळजळ होतेय’ म्हणतो, अ‍ॅझिथ्रोमायसिनची एक गोळी मिळते, जळजळ थांबते. सिफिलिस त्यानं धड बरा होत नाही. त्याला आजही पेनिसिलिनचंच इंजेक्शन लागतं. संध्याकाळी सहा ते नऊ उघडं असणारं, रक्तदाब आणि साखर मोजण्याच्या खोलीतच हेही रक्त घेणारं, बाहेर नुसतं ‘तपासणी’ लिहिलेलं एखादं केंद्र तालुक्याच्या गावी निघालं, तर गाडीपाशी उभा असलेला तो नवरा कदाचित आत येईल. त्याच्यासाठी कार्ड छापायला फारसा कागद लागणार नाही.